उकिडवेमास्तरांची दुसरी बायको

मी हसले. पदर तोंडात कोंबला होता तरी नाकातून फुस्स करून हसू बाहेर आलं, आणि निपाणीच्या त्या भरल्या थिएटरात पहिल्या रांगेपासून मागच्या बाकांपर्यंत सगळ्यांनी ते पाहिलं.

समोर उकिडवेमास्तर उभे होते. अर्धी मिशी काळीभोर, अर्धी पांढरीशुभ्र. नाटकात ते पेन्शनर भिकाजीपंत आणि मी त्यांची तरुण दुसरी बायको. बायकोवर छाप पाडायला भिकाजीपंत मिशीला कलप लावून यायचे. मी रागाने विचारायचं, "हे काय, अर्धीच?" आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "कलप संपला. दुकानदार म्हणाला, उरलेलं तारुण्य पहिल्या तारखेला."

वाक्य मला पाठ होतं. ते कधी येणार हेही पाठ होतं. तरी ते आलं की माझं हसू सुटायचंच. दर प्रयोगाला.

पडदा पडला आणि त्र्यंबकराव रंगपटात आले. त्र्यंबकराव शेजवलकर आमच्या कंपनीचे मालक आणि दिग्दर्शकही. ते ओरडत नसत. एखाद्यावर चिडले की त्याला बहुमान देत. मला एरवी नुसतं "कालिंदी" म्हणणारे त्र्यंबकराव त्या दिवशी म्हणाले, "कालिंदीबाई, तिकीट काढून आलेल्या माणसाने हसायचं असतं. त्यासाठी तो पैसे देतो. तुम्हाला आम्ही पैसे देतो ते न हसण्यासाठी."

मी खाली मान घातली.

"पुन्हा असं झालं तर सावंतवाडीची गाडी धरायची."

उकिडवेमास्तर आरशासमोर बसून अर्धी मिशी पुसत होते. ते वळले. त्र्यंबकरावांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "काय झालं?"

"यांना सांगतोय, पुन्हा हसलात तर घरी जा."

"ती हसते तर हसू दे."

"मास्तर, नाटकात ती तुमच्यावर चिडलेली आहे!"

"चिडलेली बायकोही हसते. तुम्हाला अनुभव नसेल." मास्तरांनी बोळा खाली ठेवला. "तिला घालवलंत तर भिकाजीपंत विधुर होतील. मग मीही येतो तिच्याबरोबर सावंतवाडीला. मासे चांगले मिळतात म्हणे."

रंगपटात कुणीतरी खुसखुसलं. त्र्यंबकराव निघून गेले. मास्तर पुन्हा आरशाकडे वळले, जसं काही घडलंच नव्हतं.

ही एकसष्ट सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. कंपनीत येऊन वर्षही झालं नव्हतं. उकिडवेमास्तर पंचावन्नच्या घरातले, आणि मिरजेपासून धारवाडपर्यंत त्यांचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाहून मोठं छापलं जायचं. सोळाव्या वर्षी ते राजा व्हायला रंगभूमीवर आले होते. पहिल्याच प्रयोगात सिंहासन मोडलं, राजा मुकुटासकट खाली, आणि थिएटर हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी त्या वेळच्या मालकाने सिंहासन मुद्दाम मोडकंच ठेवलं. हे सांगून मास्तर पुढे म्हणायचे, "तिसऱ्या दिवशी मी सुताराकडून सिंहासन पक्कं करून घेतलं आणि नुसता त्यावर बसलो. तरी लोक हसले. त्या दिवशी मी नट झालो."

असा माणूस माझ्यासाठी मालकाशी भांडला. कंपनीत कुजबुज होणारच. ती सगळ्यांत आधी झाली ती माझ्याच बिऱ्हाडी. माझ्याबरोबर माझी मावशी असायची. मला सांभाळायला म्हणून आली होती, आणि कंपनीतल्या प्रत्येक पुरुषाकडे ती त्याच एका नजरेने बघायची.

"गो बाय," त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "म्हातारो तुझ्यासाठी कित्याक भांडता? ह्या काय माका बरा दिसणा नाय."

"मावशी, ते वडिलांसारखे आहेत."

"बापाशीसारखे म्हणान तर भिती."

खरं सांगायचं तर मलाही कोडंच होतं. मास्तर माझ्याशी नाटकाबाहेर फारसं बोलत नसत. कुणाशीच बोलत नसत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहायची त्यांची सवय होती. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या तोंडाला काही लागलंय. पंगतीतही ते भिंतीकडेला बसत, पाठीमागे कुणी नसेल असे. लोक म्हणत, मोठा नट आहे, लहर असते.

पण लहरीचं आता गाऱ्हाणं होऊ लागलं होतं. पहिल्या आणि तिसऱ्या अंकात मास्तरांचे प्रवेश अनंत पोतनीसबरोबर होते. पोतनीस तिशीचा, देखणा, खणखणीत आवाजाचा. नाटकात तो भिकाजीपंतांचा भाडेकरू. तो सरळ माणूस होता, पाठीमागे बोलायचा नाही. एकदा तालमीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मास्तर, हशा चालू असतानाच तुम्ही बोलता. तुमचं वाक्य बुडतं आणि माझंही. आणि कधी हशा संपून जातो, तरी तुम्ही थांबून राहता. मी काय करू?"

मास्तर म्हणाले, "तू तुझं वाक्य म्हण."

सगळ्यांना तो उर्मटपणा वाटला. वय झालं, डोक्यात हवा गेली, प्रेक्षकांना कस्पटासमान समजतात, असं बोललं जाऊ लागलं. गंमत म्हणजे माझ्याबरोबरच्या दुसऱ्या अंकातल्या प्रवेशात यातलं काहीच नसायचं. तिथे मास्तर असे चालायचे की बघत राहावं. हशा उसळला की थांबायचे, तो ओसरायला लागला की नेमक्या क्षणी पुढचं वाक्य सोडायचे, आणि विझत आलेला हशा पुन्हा पेट घ्यायचा. मला वाटायचं, आमचा प्रवेशच चांगला लिहिलेला आहे.

निपाणीहून आम्ही बेळगावला आलो. तिथे पोहोचल्यावर त्र्यंबकरावांनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"रविवारी दुपारचा प्रयोग मी समोर बसून बघणार आहे," ते म्हणाले. "उकिडवेमास्तरांचं काम बघायचं आहे आणि कालिंदीबाईंचंही. त्यानंतर ठरवीन. पोतनीस, भिकाजीपंतांची भूमिका पाठ आहे ना?"

पोतनीसने मान हलवली. ती त्याला केव्हाची पाठ होती आणि तो ती चांगली करील हेही सगळ्यांना माहीत होतं. मास्तर समोरच बसले होते. त्यांनी पोतनीसकडे बघितलं, मग त्र्यंबकरावांकडे, आणि पानाचा डबा उघडला.

मी घाबरले होते, पण त्याहून जास्त इरेला पेटले होते. मला परत जायचं नव्हतं. सावंतवाडीला माझ्यासाठी एक स्थळ तयार होतं, खानावळवाला, आणि त्याला नाटकात काम केलेली बायको चालणार होती ती पुन्हा कधीही नाटकात न जाण्याच्या अटीवर. मी मावशीला म्हटलं, "काहीही कर, पण मला न हसायला शिकव."

मावशीने कमरेच्या बटव्यातून लवंग काढली. "ही दातांखाली धर. हसू इला की चाव."

जालीम उपाय होता. हसू घशापर्यंत आलं की लवंग चावायची. जीभ पोळायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि हसू जागच्या जागी मरायचं. दोन दिवसांच्या तालमीत मी दगड झाले. मास्तरांनी अर्ध्या मिशीचा प्रवेश जीव तोडून केला, आणि मी त्यांच्याकडे सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखी बघत राहिले. त्र्यंबकरावांनी पहिल्यांदा "वा!" म्हटलं.

तालीम संपल्यावर मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कालिंदे, तोंड आलंय का तुला?"

"नाही मास्तर."

"मग असा चेहरा का?"

"शिकतेय. न हसायला."

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. शिक," आणि जिना उतरून गेले. त्यांनी कठड्याला धरलं होतं. त्यांना कधी कठड्याला धरून उतरताना मी पाहिलं नव्हतं.

रविवारी थिएटर खच्चून भरलं. बेळगावचे प्रेक्षक म्हणजे जाणकार. आवडलं तर डोक्यावर घेतील आणि नाही आवडलं तर तिथल्या तिथे सांगतील. त्र्यंबकराव पहिल्या रांगेत मधोमध बसले होते.

पहिला अंक वाईट गेला. मी विंगेतून बघत होते. पोतनीसचं चांगलं वाक्य मास्तरांच्या बोलण्याखाली चिरडलं गेलं. नंतर एका ठिकाणी हशा संपून थिएटर गार पडलं तरी मास्तर थांबूनच होते. पोतनीसने घाम पुसला आणि दोन वाक्यं गाळून पुढे गेला. पहिल्या रांगेत त्र्यंबकरावांनी हाताची घडी घातली होती.

दुसरा अंक सुरू झाला. मी रंगमंचावर, दातांखाली लवंग. मास्तर अर्धी मिशी घेऊन आले. नुसते आले, आणि थिएटर कोसळलं.

मी लवंग चावली. माझा चेहरा हलला नाही.

मास्तर माझ्याकडे बघत होते. हशा इतका मोठा होता की छपराचे पत्रे वाजतील असं वाटत होतं. मी वाक्य म्हणण्यासाठी तो ओसरण्याची वाट बघत होते. आणि हशा ऐन भरात असताना मास्तर बोलले. माझं वाक्य यायच्या आधीच त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं. कलप, दुकानदार, पहिली तारीख, सगळं त्या गदारोळात वाहून गेलं. नाटकातलं सगळ्यांत मोठं वाक्य कुणीच ऐकलं नाही.

मी गडबडले. कसंबसं पुढचं वाक्य म्हटलं. त्यावर थोडे लोक हसले आणि लगेच थांबले. आता मास्तरांची पाळी होती. ते बोलेनात. थिएटर शांत. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर फिरत होती, डोळ्यांवरून ओठांवर, ओठांवरून डोळ्यांवर. एखादा माणूस अनोळखी गावात दारावरच्या पाट्या वाचत फिरतो ना, तशी.

पिटातल्या स्वस्त बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "काय मास्तर, झोपलासा काय?"

लोक हसले. मास्तरांच्या विनोदाला नव्हे, मास्तरांना.

मी मनात म्हटलं, आता हा ओरडणारा मेला. कारण प्रेक्षकांतून ओरडणाऱ्याला मास्तर कधी सोडत नसत, असं कंपनीतले जुने लोक सांगत. काही वर्षांपूर्वी हुबळीत एकाने शीळ घातली तर मास्तरांनी त्याला उभं करून त्याच्या लग्नाची चौकशी केली होती. मी त्यांच्या उत्तराची वाट बघत राहिले.

उत्तर आलं नाही. त्यांची मान वळली नाही. पापणीही हलली नाही. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. पिटातला माणूस पुन्हा ओरडला, आणखी मोठ्याने. आत विंगेत कुणीतरी दचकून पितळी तांब्या पाडला, तो खणखणत लांबवर गेला. मी त्या आवाजाने उडाले. मास्तर जागचे हलले नाहीत.

मला कळलं.

एका क्षणात सगळं कळलं. तोंडाकडे बघत बोलणं, भिंतीला पाठ लावून जेवणं, पोतनीसबरोबर चुकणं आणि माझ्याबरोबर न चुकणं. आणि मी हसले तर हसू दे, म्हणून मालकाशी भांडणं. मी हसायचे ते थिएटर हसायचं तेव्हा. मी सावरायचे ते थिएटर सावरायचं तेव्हा. मला आवरता येत नव्हतं म्हणून माझा चेहरा खोटं बोलत नव्हता. त्या माणसाला मी लागत होते ती याचसाठी, आणि नेमकी तीच गोष्ट मी दोन दिवस लवंग चावून मारून टाकली होती.

पहिल्या रांगेत त्र्यंबकराव पुढे वाकून बसले होते. मी हसले तर मी गेले. नाही हसले तर मास्तर गेले. विचार करायला वेळ होता असं नाही. मी लवंग गिळली. घसा पेटला.

मग मी दोन पावलं टाकून मास्तरांच्या अगदी समोर गेले, प्रेक्षकांकडे बोट दाखवलं आणि एकेक शब्द ओठांनी स्वच्छ करत म्हटलं, "अहो! खालची माणसं विचारतायत, झोपलासा काय म्हणून!"

मास्तरांनी माझे ओठ वाचले. मी समोर उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांच्या चेहऱ्यात प्राण परत येताना. त्यांनी सावकाश पिटाकडे मान वळवली. मिशीच्या पांढऱ्या बाजूवरून एक बोट फिरवलं, मग काळ्या बाजूवरून.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "कलप लावलेल्या माणसाने झोपायचं नसतं. सकाळी उशी तरुण होते आणि आपण म्हातारे!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. असा हशा मी त्याआधी ऐकला नव्हता. ओरडणारा माणूस बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आणि मी हसले. पण या वेळी हसू फुटलं नाही. मी ते आणलं. पदर तोंडावर धरला, खांदे हलू दिले, आणि कान प्रेक्षकांकडे लावले. हशा चढत होता तोवर पदर नाकापर्यंत. तो ओसरू लागला तसा पदर मी हळूहळू खाली आणला. हनुवटीशी आला आणि मास्तरांनी पुढचं वाक्य टाकलं. नेमकं जागेवर. थिएटर पुन्हा पेटलं. पदर वर. पदर खाली. वाक्य. तिसऱ्या वेळेला मास्तरांच्या डोळ्यांत मला दिसलं की त्यांना कळलंय, मी मुद्दाम करतेय. मग ते खेळायलाच लागले. मध्येच एक वाक्य त्यांनी राखून ठेवलं, पदर पूर्ण उतरून मी त्याची घडी सारखी करेपर्यंत, आणि मग इतक्या हळू आवाजात म्हटलं की लोक एकमेकांना गप्प करू लागले. हळू बोलल्यावर सगळ्यांत मोठा हशा आला.

आयुष्यात पहिल्यांदा मी रंगमंचावर उभी राहून प्रेक्षकांना ऐकत होते. तोवर मी फक्त मास्तरांना ऐकायचे.

अंक संपला. मी विंगेत आले तर पोतनीस वाट अडवून उभा होता.

"पदर कशासाठी?" त्याने हळूच विचारलं.

मी पदर सारखा करू लागले.

"त्यांना ऐकू येत नाही. हो ना?"

पोतनीसला ती भूमिका हवी होती. त्याने फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हटलं, "मला आत्ताच कळलंय. तुम्हालाही आत्ताच कळलं असं समजा, आणि काय करायचं ते करा."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, केसांतून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. मग त्या टोपीकडे हात नेऊन तो तसाच थांबला.

तिसऱ्या अंकात मास्तरांचा आणि पोतनीसचा प्रवेश सुरू झाला. पहिला हशा आला आणि पोतनीसने टोपी काढून टोपीनेच वारा घ्यायला सुरुवात केली. हशा ओसरला, त्याने टोपी डोक्यावर ठेवली. मास्तर बोलले. पुन्हा हशा, पुन्हा टोपी. चौथ्या-पाचव्या खेपेला मास्तरांनी मध्येच त्याची टोपी हिसकावून स्वतःच्या डोक्यावर घातली. पोतनीस क्षणभर गोंधळला, आणि मग छत्री उघडून बसला. प्रेक्षकांना तेही नाटकात होतं असंच वाटलं. तो प्रवेश तसा रंगलेला मी कधी पाहिला नव्हता.

पडदा पडल्यावर रंगपटात गर्दी झाली. ती पांगल्यावर मास्तर खोबरेल तेलाने तोंड पुसत बसले. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले, मुद्दाम, उजेडात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी ताप आला. उजवा कान त्यातच गेला. डावा हप्त्याहप्त्याने जातोय." ते सहज बोलत होते. "आधी हशा पायांना कळायचा. लाकडी फळ्या थरथरतात. पण बरीच थिएटरं आता सिमेंटची झाली."

"मग मी सापडले."

"मग तू सापडलीस."

मला बरं वाटायला हवं होतं, पण टोचलं. मी म्हटलं, "म्हणजे मला कंपनीत ठेवून घेतलंत ते माझं काम चांगलं म्हणून नव्हे."

"छे! काम वाईट होतं तुझं." त्यांनी तेलाचा बोळा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आज दुपारपर्यंत."

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "तुला सांगायला हवं होतं. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण कालिंदे, बहिरा म्हणून कळलं की लोकांना कीव येते. आणि ज्याची कीव आली त्याला कुणी हसत नाही. मी सगळं सोसेन, ते नाही."

दारात त्र्यंबकराव येऊन उभे राहिले. पोतनीसही त्यांच्यामागे होता.

"मास्तर," त्र्यंबकराव म्हणाले, "भूमिका तुमच्याकडेच राहील. आणि कालिंदी, हसलीस."

"हो."

"कधी थांबायचं ते आज कळत होतं तुला. तसंच चालू ठेव."

'बाई' गेलं होतं. एवढ्यावर तो दिवस छान संपला असता. पण मास्तर उठून उभे राहिले. "मालक, एक गोष्ट आहे. मला ऐकू येत नाही. या दोघांनी आज माझे कान होऊन नाटक केलं. आता ठरवा."

पोतनीसने माझ्याकडे बघितलं. त्र्यंबकराव चालत मास्तरांच्या पुढ्यात आले आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्हाला गर्व झालाय."

"गर्व आहेच," मास्तर म्हणाले. "तो कानात नसतो."

त्र्यंबकराव हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ते पोतनीसकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी तालीम. टोपीचं नीट बसवून घेऊ. छत्री मात्र काढा, फार होतं."

बाहेर कुणालाही कळलं नाही. त्यानंतर सात वर्षं मी भिकाजीपंतांची बायको होते. कोल्हापूर, सोलापूर, मुंबई, नागपूर. समीक्षक लिहायचे, "पदराच्या हालचालीतून विनोद फुलवण्याची कालिंदी मांद्रेकर यांची लकब." मास्तर ते कात्रण मोठ्याने वाचून दाखवायचे. मावशी मात्र अखेरपर्यंत म्हणायची की तो म्हातारा लबाडच. पण त्याच्यासाठी सोलकढी ती स्वतः करायची.

भूमिका पुढे पोतनीसकडे गेली, मास्तरांनी स्वतः बसवून दिली. मीही पुढे माझ्या नाटकांत गेले. नायकाच्या वर माझं नाव छापलं जाऊ लागलं तेव्हा मास्तर मिरजेला मुलीकडे राहत होते. डावा कानही तोवर पूर्ण गेला होता.

मिरजेत माझ्या नव्या नाटकाचा प्रयोग लागला. मी त्यांना आणायला गाडी पाठवली. ते पहिल्या रांगेत बसले, पांढरा कोट घालून. नाटक सुरू झालं. माझा पहिला मोठा हशा आला आणि मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. खुर्चीत पूर्ण मागे वळून, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, ते प्रेक्षकांकडे बघत होते. रांगांवर रांगा, उघडी तोंडं, हलणारे खांदे, डोळे पुसणाऱ्या बायका. एकेका चेहऱ्यावर त्यांची नजर थांबत थांबत पुढे चालली होती.

हशा ओसरला. माझं वाक्य यायला हवं होतं. विंगेतून प्रॉम्प्टरने ते हळूच सांगितलं, त्याला वाटलं मी विसरले. थिएटर शांत झालं. मी थांबले.

मास्तरांनी शेवटच्या रांगेपर्यंत सगळं बघून घेतलं. मग ते वळले, नीट बसले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

मी पुढचं वाक्य म्हटलं.